रतनजोतीची अंधारी खोली

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी कुणाच्या अंगावर ओरडले तर तुम्ही दचकायला नको. आणि ओरडले मी, चांगली घसा ताणून ओरडले. तेही मला पगार देणाऱ्या माणसावर, त्याच्या हातात पेटती अगरबत्ती असताना.

मी मूळची सांगलीची. पुण्यात वनस्पतिशास्त्रात पीएचडी केली, विषय टिश्यू कल्चर. झाडाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, धुऊन निर्जंतुक करायचा आणि काचेच्या फ्लास्कमध्ये साखर, क्षार नि अगर घालून केलेल्या खिमटीवर ठेवायचा. माती नाही, ऊन नाही. महिन्याभरात त्या तुकड्यावर पेशींचा भुसभुशीत गोळा धरतो, अगदी शिळ्या उपम्यासारखा. त्याला ना पान ना मूळ. पण त्या पेशींना झाडाची सगळी विद्या येत असते. नीट वागवलं तर झाड जे औषध मुळात साठवतं तेच त्या फ्लास्कात करून देतात. ही विद्या मी शिकले, मग लग्न झालं, आणि ती ट्रंकेत घालून मी आमच्या ह्यांच्या बदल्यांमागे हिंडायला लागले. हे केंद्र सरकारच्या नोकरीत. दोन गावं झाली, एक बाळंतपण झालं आणि शेवटी दिल्ली आली. मयूर विहारच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. शेजारणी विचारायच्या, "आप कुछ करती हैं?" मी म्हणायची, "मटार सोलती हूँ."

त्यांना वाटायचं विनोद केला. मला रडू यायचं.

बाजार तेव्हा नुकता उघडला होता. यमुनेपलीकडे शेतं बुजवून सेक्टर पडत होते, रोज नव्या कारखान्याची पाटी लागत होती, आणि टीव्हीवर परदेशी शाम्पूच्या जाहिराती बघून सगळ्यांच्या केसांचं एकदम काहीतरी बिघडलं होतं. पुरानी दिल्लीतले एक लालाजी आपला केसांच्या तेलाचा पिढीजात धंदा उचलून नोएडात आले होते. त्यांचं तेल लालभडक, आणि तो रंग रतनजोतीचा. रतनजोत म्हणजे हिमालयातली एक मुळी. तिकडे तिला तेलात सोडतात, मटणाच्या रश्श्यातही घालतात, सुरेख लाल तवंग येतो. पण डोंगरातली अस्सल मुळी उपसून उपसून संपत आली होती आणि खारी बावलीच्या मसाला बाजारात मिळायची ती निम्मी भेसळ. वर आणखी परदेशी क्रीमच्या डब्यांवर एक नवा शब्द यायला लागला होता, अँटिऑक्सिडंट. कापलेलं सफरचंद हवेनं काळं पडतं ना, तसं आपलं सगळंच हळूहळू गंजत असतं, कातडीसुद्धा. ते गंजणं रोखणारं द्रव्य म्हणजे अँटिऑक्सिडंट. रतनजोतीच्या लाल रंगात नेमका तोच गुण आहे.

ह्यांच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीनं मी लालाजींसमोर जाऊन बसले. सत्तरीचे गृहस्थ, पांढरा कुर्ता, कमरेला कारखान्याच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा. मी म्हटलं, "डोंगर खणू नका. ही मुळी जे करते ते मी तुम्हाला फ्लास्कमध्ये करून देते."

"पक्का?"

"बिल्कुल पक्का."

बोलून तर बसले. पण खोटं सांगायचं नाही, मला जराही शंका नव्हती. मला येत होतं ते काम. हात विसरले नव्हते.

लालाजींनी पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या दिल्या. बाहेरच्या खोलीत काम, आणि आतली बिनखिडकीची कोठी पेशींसाठी. ही कोठी महत्त्वाची, कारण रतनजोतीच्या पेशीला लाल व्हायचं असेल तर अंधार लागतो. उजेड पडला की ती पांढरीच राहते. आणि दुसरी गोष्ट म्हणजे तिला उपाशी ठेवावं लागतं. आधी चांगलंचुंगलं खायला घालून वाढवायचं, मग उचलून अगदी बेताच्या खिमटीवर टाकायचं. खाऊनपिऊन सुखी असलेली पेशी कशाला रंग काढील? जरा तंगी आली, काळोख झाला, की मग ती आपल्या बचावासाठी ते लाल द्रव्य करायला घेते. माणसांचंही असंच असतं म्हणतात, पण ते राहू द्या.

लालाजींचे चिरंजीव नुकतेच एमबीए करून आले होते. माणूस वाईट नव्हता, पण घाई फार. रुपया-रुपयाच्या पाउचमध्ये शाम्पू विकायचे ते दिवस, आणि त्याला पाउचचं मशीन हवं होतं. मशीनला जागा हवी होती, आणि जागा दिसत होती ती माझी. मी फ्लास्क गुंडाळायला अॅल्युमिनियम फॉइल मागितलं तर म्हणाला, "मैडम, लैब में पराठे बनेंगे क्या?" मी म्हटलं ठीक आहे, मरो तुझं फॉइल, अख्खी कोठीच अंधारी असताना फ्लास्कांना पुन्हा वेगळी घोंगडी कशाला! कोठीच्या दिव्याचं बटण दाराबाहेर होतं. त्याच्याखाली मी लाल अक्षरांत पाटी लावली, 'अंदर बत्ती जलाना मना है', आणि दाराला कुलूप घातलं.

पेशी वाढल्या छान. मग त्यांना बेताच्या खिमटीवर टाकलं आणि लाल व्हायची वाट बघत बसले. झाल्या नाहीत. कुठे जरा गुलाबी छटा यायची, तीही विरायची. खिमट बदलली, क्षार बदलले, पाणी बदललं, एसीचं तापमान खालीवर करून बघितलं. पांढऱ्याफटक. मी बाटल्यांशी बोलायला लागले होते, आणि जे बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लालाजी रोज सकाळी विचारायचे, "डॉक्टर साहिबा, कुछ लाली आई?" मी म्हणायची, येईल. चिरंजीव काही विचारायचे नाहीत, नुसते टेप घेऊन भिंती मोजून जायचे. शेवटी एक दिवस बापलेकांनी मला समोर बसवून सांगितलं. दिवाळीपर्यंत फ्लास्क लाल झाले तर लॅब राहील, नाहीतर भाऊबीज उरकली की मशीन येईल. लालाजींना ते बोलताना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. मी मान डोलावली, बाहेर आले आणि जिन्यात उभी राहून रडले. मशीन आलं असतं तर माझं काय होणार हे मला नीट माहीत होतं. मटार. पुढची बदली, आणि तिथले मटार.

पितृपंधरवडा चालू होता. मी रोज पाचच्या चार्टर्ड बसनं घरी जायची. त्या दिवशी बस कारखान्यापुढच्या पहिल्याच चौकात बंद पडली. तासभर फुटपाथवर उभं राहून कंटाळले, आणि सायकलरिक्षा करून परत कारखान्यात आले, म्हटलं निदान उद्याची खिमट तरी शिजवून ठेवू. जिना चढले तेव्हा दिवेलागण झाली होती. वर अगरबत्तीचा वास येत होता.

कोठीचं दार सताड उघडं होतं. आत ट्यूबलाइटचा लख्ख उजेड. लालाजी चपला बाहेर काढून, डोळे मिटून, माझ्या फ्लास्कांच्या मांडणीसमोर उभे होते आणि एकेका फळीला अगरबत्ती ओवाळत होते.

"लालाजी! बत्ती!"

त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर केवढं समाधान! "हाँ बेटा, जला दी।"

"कब से जला रहे हैं आप?"

"रोज़ जलाता हूँ। पहले नीचे जलाता था, अब सबसे पहले यहीं। मैंने कहा, काम इसी कमरे का अटका है, रोशनी की ज़रूरत भी इसी को ज़्यादा है।"

"आणि विझवता कधी?" मी मराठीतच विचारलं, आणि मग हिंदीत. सकाळी चौकीदार विझवतो म्हणाले. रात्रभर! मी सकाळी यायची तेव्हा कोठी अंधारी असायची, म्हणून मी निर्धास्त. माझ्या पेशींना रोज रात्र न रात्र उजेडाची अंघोळ घातली जात होती, वर ओवाळणीही. आणि कुलूप? कुलपाच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला.

मग मी ओरडले. "अहो, काय केलंत हे! पाटी लावलीय ना मी एवढी डोळ्यांसमोर! वाचता येत नाही का? माझ्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवलंत की हो तुम्ही!" त्यांना एक शब्द कळला नसेल, पण अर्थ सगळा कळला. अगरबत्तीची राख त्यांच्याच कुर्त्यावर पडली.

"बोर्ड तो स्टाफ के लिए है बेटा," ते हळूच म्हणाले. "भगवान के लिए थोड़े ही।"

मी सांगितलं, उजेड पडला की ही लाल होत नाही, ट्यूब बंद करा. त्यांनी बंद केली नाही. ओरडून घेतलं ते त्यांनी निमूट ऐकलं, पण बटणाला हात लावेनात. म्हणाले, दियाबत्तीच्या वेळी घराचा एक कोपराही काळोखात सोडायचा नसतो. लक्ष्मी दारापर्यंत येते, अंधार बघते आणि उलट्या पावली जाते. आजोबांच्या दुकानापासून ही रीत चुकलेली नाही, फाळणीच्या दंगलीतसुद्धा फळीआड पणती लावली होती. ती रीत मी म्हणते म्हणून मोडायची?

हे सगळं अडाणीपण आहे म्हणू? कोणत्या तोंडानं? आमच्या घरी तिन्हीसांजेला एका खोलीत अंधार राहिला तर सासूबाई हातातलं काम टाकून उठतात. 'घर आहे की मसण?' असं विचारतात आणि लेकीला देवापुढे शुभंकरोती म्हणायला बसवतात. लेक दिल्लीत वाढलेली, तिला 'तिन्हीसांज' हा शब्द समजावून सांगावा लागतो, पण दिवा दिसला की हात आपोआप जोडते. आणि मी स्वतः? मीही घरात पाऊल टाकलं की आधी दिवे लावते आणि मग पर्स ठेवते. पीएचडी झाली म्हणून काही हे सुटलं नाही.

पण राग काही उतरत नव्हता. दिवाळी तोंडावर आलेली, आणि माझं सगळं भवितव्य त्या एका बटणावर. मी म्हणून बसले, "लालाजी, जच्चा के कमरे में कोई ऐसे बत्ती जलाता है?"

ते थबकले. "जच्चा?"

जच्चा म्हणजे बाळंतीण. मला माझीच बाळंतिणीची खोली आठवली होती. सांगलीला आईनं खिडकीला जाड चादर लावून मला दिवसाढवळ्या अंधारात ठेवलं होतं. वारा लागू नये, उजेड डोळ्यांवर येऊ नये, कुणी उगाच डोकावू नये. संध्याकाळी दिवा लागायचा तो दाराबाहेर, उंबऱ्याशी. आणि त्या अंधाराला कुणी अशुभ म्हटलं नाही कधी. लक्ष्मी परत गेली नाही. उलट मुलगी झाली, लक्ष्मीच आली म्हणून पेढे वाटले.

हे सगळं मी त्यांना मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. मांडणीवरून हात फिरवून म्हटलं, "ये सब की सब पेट से हैं, लालाजी. एक-एक." लालाजींनी त्या पांढऱ्या गोळ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि काय सांगू, त्या म्हाताऱ्या माणसानं चटकन जीभ चावली, दोन्ही कानांच्या पाळ्या पकडल्या आणि पाठ न फिरवता लालाजी तसेच मागे मागे चालत बाहेर आले. बाहेर येऊन बटण बंद केलं.

"पहले बताना था ना, बेटा," म्हणाले. "मैं मरद आदमी, मैं जच्चा के कमरे में घुसा फिर रहा हूँ!"

दुसऱ्या दिवशीपासून संध्याकाळी कोठीच्या दाराबाहेर एक पणती लागायला लागली. आत कोणी नाही. लालाजी तर इतके कडक झाले की मलाच त्यांचा जाच व्हायला लागला. जिन्यावरून मोठ्यानं बोलायचं नाही, दारं आपटायची नाहीत. चिरंजीव टेप घेऊन आले तर त्यांना जिन्यातूनच परत पाठवलं. मग एक दिवस मला विचारलं, "खाने में क्या दे रही हो इनको?" मी सरळ सांगितलं, आता उपास. केवढा गहजब झाला! "जच्चा को भूखा रखोगी?" दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून डिंकाचे लाडू आले. उपमा कामाला येते तशी अंगावरही येते, ती अशी. लाडू मी आणि माझ्या दोन मुलींनी, म्हणजे लॅबमधल्या मदतनीस मुलींनी, मिळून खाल्ले, आणि पेशींना पोचले असं सांगितलं. त्यात काय, उपाशी आम्हीही होतोच.

मी सगळी नवी खेप लावली. नवरात्र गेलं, दसरा गेला. दसऱ्यानंतर एका सकाळी टॉर्चला लाल कागद लावून आत गेले, तर लाल उजेडात सगळंच लाल दिसत होतं. काही कळेना. एक फ्लास्क पदराआड धरून बाहेर आणला, खिडकीशी नेला आणि उन्हात बघितला.

लाल होता. गोळ्याच्या कडेनं, आणि खाली खिमटीतसुद्धा थेंब-थेंब उतरलेला. डाळिंबाचे दाणे फुटल्यावर जो रंग हाताला लागतो तो. मी मुलींना हाक मारली की किंचाळले ते आठवत नाही, पण लालाजी खालून धापा टाकत वर आले. मी फ्लास्क पुढे केला. त्यांनी हात लावला नाही. खिशातून एक नोट काढली, फ्लास्कवरून ओवाळली आणि मदतनीस मुलीच्या हातात ठेवली.

चिरंजीव मात्र चिरंजीवच. म्हणाले, "रंग तो होली में भी होता है, मैडम. एंटीऑक्सीडेंट कहाँ है?" मला राग यायला हवा होता. आला नाही. प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर माझ्या कपाटात होतं. एक गडद जांभळं रसायन मिळतं. त्यात नुसता रंग टाकला तर जांभळं जांभळंच राहतं. पण गंजणं रोखणारं काही पडलं की ते फिकं होत पिवळसर होतं. मी दोन परीक्षानळ्यांत ते ओतलं. एका बाटलीत आमच्या पेशींचा अर्क, पुष्कळ पातळ केलेला, आणि दुसऱ्या बाटलीत जिलबीत घालतात तो खायचा रंग. म्हटलं, तुम्हीच टाका.

त्यानं टाकले. खायच्या रंगाची नळी ढिम्म. आमची नळी त्याच्या हातातच फिकी पडायला लागली. आधी जांभळं, मग भाजलेल्या वांग्याचा रंग, मग चक्क लिंबाच्या सरबतासारखं. तो बघतच राहिला. पुन्हा करून बघितलं. तिसऱ्यांदाही करून बघितलं, यावेळी माझं जांभळं रसायन किती महाग आहे हे मी त्याला ऐकवलं. तो टेप खिशात घालून निघून गेला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

दिवाळीचा दिवस उजाडला. लॅबचं काय ते अजून कोणी सांगितलं नव्हतं. शिवाय लक्ष्मीपूजन! बनियाच्या घरची दिवाळी म्हणजे त्या रात्री दारं सगळी उघडी आणि दिवे सगळे पेटलेले, संडासातसुद्धा पणती. महिनाभर पाळलं ते पाळलं, पण आज? कोठीत नवी खेप होती, अर्धी रंगलेली.

लालाजींनी सगळ्यांना सहकुटुंब बोलावलं होतं. हे, सासूबाई, लेक, आम्ही सगळे स्कूटररिक्षानं पोचलो. लांबूनच कारखाना दिसला. गच्चीपासून फाटकापर्यंत झगमगाट, प्रत्येक खिडकीत माळा. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, केवढी हौस!" पूजेला न थांबता मी सरळ जिना चढले, लेक माझ्या मागे.

वर अंधार होता. त्या बोळातले सगळे दिवे बंद होते. ट्यूब नुसती विझवलेली नव्हती, काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. कोठीचं दार लोटलेलं, उंबऱ्याबाहेर एक पणती, आणि तिच्या शेजारी खुर्ची टाकून अनवाणी पायांनी लालाजी स्वतः बसलेले. खाली त्यांच्याच घरची पूजा चालू होती आणि हे इथे राखण करत होते. समोर चिरंजीव उभे. लालाजी त्याला सांगत होते, "मशीन के लिए पीछे शेड डलवा ले। यह कमरा अब इसी का है।" आणि माझ्याकडे बोट केलं.

मी चेष्टेनं म्हटलं, "लालाजी, आज के दिन अँधेरा? लक्ष्मीजी आएँगी तो क्या कहेंगे?"

"कह दूँगा धीरे बोलो," म्हातारा म्हणाला. "अंदर हमारी जच्चा है।"

लेकीनं मला विचारलं, आई, आत कोण आहे? मी तिला गप्प केलं नाही. माझे डोळे वाहत होते, तेही पुसले नाहीत. तिच्या चपला काढायला लावल्या, माझ्याही काढल्या, आणि आम्ही दोघी त्या पणतीशी हात जोडून उभ्या राहिलो.